खरबुजाखालचं पाणी

खरबूज घेताना लोक ते नाकाशी नेतात, देठाकडची बाजू अंगठ्याने दाबून बघतात. मी ते उलटं करते. जमिनीला टेकलेली बाजू वर आणून तिच्यावरून बोट फिरवते, कुठं मऊ लागतंय का बघते आणि ठेवून देते. हर्सूलच्या रस्त्यावरचा गाडीवाला आता मला लांबूनच ओळखतो. "बाई, घ्यायचं तर घ्या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या. सगळ्याला पालथं कामून घालू लागल्या?" असं तो एकदा चारचौघांत म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मी बहुतेक वेळा घेतच नाही.

वरून सगळीच खरबुजं देखणी असतात. सड लागते ती खालून, ओल्या मातीला टेकलेल्या जागी. तिथं आधी पाणी मुरल्यासारखा डाग पडतो, मग तो मऊ होतो, मग त्याच्यावर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी चढते. वरची जाळी मात्र शेवटपर्यंत तशीच नक्षीदार राहते, आणि माणूस वरूनच बघत खूश असतो. मी तशी खूश नव्हते. मला सगळं ठाऊक होतं, आधीपासून ठाऊक होतं, आणि तरीही आमचं वावर गेलं. म्हणून अजून जीव जळतो.

आमचं गाव शेंद्र्याच्या कंपन्यांच्या पलीकडे. रस्ता रुंद झाला तशा आमच्या शिवारात पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. गाडीतून उतरणारी माणसं कधी पिकाकडे बघायची नाहीत, रस्त्यापासून वावर किती लांब आहे तेवढं बघायची. हळूहळू शेजारच्या रानांत चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खांब उभे राहिले, आणि जिथं तूर असायची तिथं बंगल्याचं चित्र काढलेल्या पाट्या लागल्या. मधोमध आमचं आणि आमच्या चुलत सासऱ्यांचं वावर तेवढं हिरवं राहिलं. गाड्यांतली माणसं आम्हा दोन्ही घरांना दर आठवड्याला रामराम घालून जायची.

माझा नवरा कंपनीत, शिफ्टमध्ये. माणूस वाईट नाही, पण शेतीवर त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता. दिवाळीनंतर एकदा जेवताना त्याने सांगून टाकलं, "हा एक हंगाम तुझा. खरबूज नीट निघालं तर वावर ठेवू, परत प्लॉटिंगचं नाव काढणार न्हाय मी. न्हाय निघालं तर आबांची सही घेतो." त्याचे आबा, म्हणजे माझे सासरे, समोरच बसलेले होते. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडे बघत म्हणाले, "पोरगा म्हणंल तसं." पण नंतर त्यांना भाकरी गेली नाही, हे मी बघितलं. वावर विकायचं त्यांच्याही मनात नव्हतं. त्या घरात वावर जाऊ नये असं वाटणारी दोन माणसं होती, एक मी आणि एक ते. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मला त्या वावराचं एवढं काय होतं? सांगते. घरात मला दिवसभर एकच प्रश्न विचारला जायचा, भाकरी झाल्या का. वावरात माणसं विचारायची, वहिनी, बेड केवढ्या अंतरावर पाडले, बी कोणतं घेतलं, फवारणी कधी केली. ते वावर गेलं की मी भाकरीपुरती उरणार होते. आणि झालंही तसंच.

खरबूज मी उगीच निवडलं नव्हतं. माझं माहेर पैठणकडचं, गोदाकाठचं. वडील उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खरबूज लावायचे. वाळूत पाणी थांबत नाही, त्यामुळे सड म्हणजे काय ते आम्हाला लहानपणी माहीतच नव्हतं. वडील एवढंच म्हणायचे, "खरबुजाच्या मुळाला पाजावं, बुडाला पाजू न्हाई." सासरची जमीन काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. तिथं वडिलांचं ते बोलणं दुप्पट लागू होतं. गावात दोघा-तिघांनी आधी खरबूज करून बघितलं होतं आणि प्रत्येकाचं बुडातून सडलं होतं. लोक म्हणायचे, आपल्या मातीत ते येत नाही. मातीला नाव ठेवायला कुणाचं काय जातं.

मी उंच बेड पाडले. शेणखतात बुरशी खाणारी बुरशी, ती ट्रायकोडर्मा, मुरवून घातली. बेडवर मल्चिंगचा कागद अंथरला, खाली ठिबकच्या नळ्या. मुळाशी थेंबथेंब पाणी, बाकी सगळं कोरडं. एक अडचण होती. वेल बेडवर थांबत नाही, तो सरीत उतरतो आणि फळही सरीतल्या मातीवर धरतो. म्हणून मी तुराट्या कामाला लावल्या. तूर काढल्यावर तिच्या वाळलेल्या काड्या घरामागं रचलेल्या असतात. त्या तोडून फळाखाली आडव्या-उभ्या मांडायच्या, वर मूठभर वाळलं गवत, आणि त्यावर फळ. गावाने लई चेष्टा केली. "वहिनीनं खरबुजाला बाजा टाकल्या. आता गोधड्या शिवा." मामाही कुरकुरले, कारण त्यांचं आंघोळीचं पाणी त्या तुराट्यांवर तापायचं. "गॅसवर तापवते," मी म्हणाले. "गॅसच्या पाण्यानं अंग निवत न्हाय," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बघते तर ते स्वतः सरीत बसून काड्या मोडत होते. माझ्यापेक्षा बारीक मोडत होते, फळाला टोचू नये म्हणून.

असा तो माणूस. त्यांच्याबद्दल मनात किती विष आहे हे सांगायला बसले की मध्येच त्या मोडलेल्या काड्या आठवतात आणि हात अडतो.

आता विहिरीचं सांगायला हवं. विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खणलेली. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा वावराचे दोन तुकडे करता आले, विहिरीचे करता येईनात. मग पाळी ठरली. एक दिवस थोरल्याचा, म्हणजे मामांचा, एक दिवस धाकट्याचा, म्हणजे चुलत सासऱ्यांचा. दोघांच्या दोन मोटारी एकाच विहिरीत समोरासमोर सोडलेल्या, आणि ज्याचा दिवस त्याने लाइट असेल तोवर आपली मोटार चालवायची. दोन्ही घरांचं बरं चाललं होतं.

पुढे माझ्या सासूबाई आजारी पडल्या. त्यांना शहरात दवाखान्यात ठेवलं होतं. मामा त्यांच्या उशाशी बसून राहिले, वावराकडे फिरकले नाहीत, आणि आमच्या पाळ्या तशाच गेल्या. सासूबाई वारल्या. राख सावडून झाल्यावर मामा एकटेच विहिरीवर गेले. दिवस आमचा होता आणि मोटार धाकट्यांची चालू होती. मामांनी विचारलं तर धाकटे म्हणाले, "तू नव्हतास, पाणी पडून होतं. तुझ्यासाठी काय घागरीत भरून ठिवू का?" कदाचित ते सहज म्हणाले असतील. वाईट मनाचा माणूस नव्हता तोही. पण बायकोची राख अजून हाताला होती, अशा वेळी ते बोलणं मामांच्या काळजात जाऊन बसलं. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. आणि मामांनी एक नियम धरला. गेलेली पाळी माघारी येत नाही, म्हणून पाळी सोडायची नाही. पावसाळा असो, रान रिकामं असो, आमच्या दिवशी लाइट आली की आमची मोटार वाजली पाहिजे.

हा नियम ज्वारीला चालला, गव्हाला चालला, कपाशीनेही सोसला. खरबुजाला तो चालणार नव्हता. ठिबकचं काम तासाभरात व्हायचं. मी मोटार बंद करून घरी यायची, भाकरी टाकायला घ्यायची, आणि विहिरीकडून पुन्हा घुंईऽऽ असा आवाज यायचा. धावत जाऊन बघावं तर मामांनी पाइप ठिबकवरून काढून सरीत सोडलेला असायचा. पाणी बेडांच्या मधून निवांत चाललेलं, माझ्या तुराट्या भिजत चाललेल्या, आणि मामा धुऱ्याच्या बांधावर बसून विहिरीच्या पलीकडे नजर लावून असायचे.

"मामा, झालंय ना पाणी देऊन. फळाखाली ओल राहिली की सडतंय ते."

"अजून लाइट हाय."

"लाइट असू दे. खरबुजाला नको आहे."

"खरबुजाला नको, पण पाळी आपली हाय. मोटार बंद दिसली की तो म्हणंल, यान्ला पाणी जास्त झालंय."

"मग सोडा की पाणी नाल्यात."

माझं हे बोलणं ऐकून मामा असे बघायला लागले जणू मी चुलीत ताट फेकलं होतं. "पाणी नाल्यात सोडू? इथं लोक टँकर विकत घेऊ लागले अन् मी नाल्यात सोडू?" म्हणजे पाणी वाया घालवणं पाप, म्हणून ते पिकावर ओतायचं. मग मी म्हणाले, पलीकडच्या मोकळ्या तुकड्यात सोडा. तर म्हणाले, रिकाम्या रानात पाणी दिसलं तर पंचांपुढं तो तेच दाखवंल. या माणसाशी वाद घालून मी दमायची. त्यांच्या प्रत्येक वाक्याला दुसरं वाक्य टेकू द्यायला उभं असायचं, आणि सगळ्यांच्या खाली ती एक मोटार वाजत असायची.

नवऱ्याला सांगितलं. तो नाइट करून आलेला, डोळे मिटतच म्हणाला, "तू समजाव त्यान्ला." मी म्हणाले, "बाप तुमचा आहे." तो म्हणाला, "म्हूनच माझं ऐकत न्हाईत." आणि कुशीवर वळून झोपला. त्याला हे जमत होतं. खरबूज निघालं तरी त्याचं भलं, नाही निघालं तरी त्याचं भलं.

तरीही पीक उभं राहिलं. मी सरीच्या तोंडाशी चर काढून पाणी लवकर उतरेल असं केलं. भिजलेल्या तुराट्या काढून कोरड्या घातल्या. मऊ झालेलं फळ दिसलं की लगेच तोडून, लांब खड्डा करून पुरायची, कारण एक सडलेलं फळ सरीत राहिलं की पुढच्या पाण्याबरोबर त्याची बुरशी सगळ्या सरीला प्रसाद वाटत जाते. गावात लोक सडकी फळं धुऱ्यावर फेकतात, नाही तर उकिरड्यावर टाकतात आणि तेच खत पुढच्या वर्षी रानात नेतात. मी तसं होऊ दिलं नाही. औषधाची फवारणीही वेळेवर केली. एवढं केल्यावर सड मुठीत राहिली. फळं भरत आली, जाळी उठली, आणि सकाळी वावरात शिरलं की गोड वास यायला लागला.

त्या वर्षी रमजान आणि माझी तोड एकाच वेळी येत होती. शहरातले एक व्यापारी, फळांच्या धंद्यात वय गेलेले, बघायला आले. खाली बसून त्यांनी दोन-चार फळं उलटी केली, तुराट्यांकडे बघून हसले. "भाभी, ये क्या, पलंग पे सुलाए क्या इनको?" मग उभं राहून म्हणाले, "रमजान में ऐसाच माल होना. पूरा खेत मेरा. किसी और को बोलना नको." त्या दिवशी मी घरी आले आणि गूळ घालून शिरा केला. मामांनी दोनदा मागून घेतला. आता वावर कुठं जात नाही, असं ते बोलले नाहीत, पण त्यांनी परत मागितला, यातच मला सगळं कळलं.

नंतर अवकाळी आला. सोसाट्याचा नाही, गारा नाहीत, नुसता दिवसभर चिवट पाऊस. काळी माती फुगून आली. सरीत पाणी उभं राहिलं, ते मी फावड्याने वाट करून काढलं. आता चार दिवस कडक ऊन आणि एक थेंब पाणी नाही, एवढं मिळालं असतं तर पीक हाती होतं. पण एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा, हे रहाटगाडगं पावसाने थांबणार होतं का?

मी चुलत सासूंना गाठलं. त्यांना मी काकू म्हणते. पुरुष बोलत नसले तरी आम्ही दोघी धुऱ्यावर गवत कापताना बोलायचो. आमचं बघून त्यांनीही खरबूज लावलेलं होतं. मी म्हटलं, "काकू, तुमच्याकडं काय हाल?" त्या रडकुंडीला आलेल्या. "बाई, आमचे बी तेच करू लागले. सरीत सोडतेत. म्या म्हणलं, सडंल. तर म्हणतेत, पलीकडची मोटार बंद होती का बघ. त्यांची चालू हाय म्हंजी त्यान्ला पाणी लागू लागलंय, आपून कामून सोडायचं?"

दोन म्हातारे विहिरीच्या दोन बाजूंनी एकमेकांच्या मोटारीचा आवाज ऐकत होते आणि त्या आवाजासाठी आपापलं पीक बुडवत होते. पाणी दोघांनाही नको होतं. गावात याला भाऊबंदकी म्हणतात आणि तेवढ्यावर सोडून देतात. मला त्यापेक्षा वाईट शब्द सुचत होते.

आम्ही दोघींनी ठरवलं. सकाळी लाइट यायच्या आत आपापल्या स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढायचे. दोन्ही मोटारी बंद राहिल्या की कुणाला कुणाचा आवाज येणार नाही. म्हातारे दोन दिवस लाइनमनच्या नावाने बोटं मोडतील, तोवर ऊन आपलं काम करील. मी आमचे फ्यूज काढले आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल दाबून ठेवले.

पाळी आमची होती. लाइट आली. मामांनी बटण दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं. पेटी उघडून ते आत बघत होते तेवढ्यात पलीकडून घुंईऽऽ आवाज आला. काकूंच्या पेटीला धाकट्यांनी आदल्या संध्याकाळी कुलूप घातलेलं होतं, ते त्या बिचारीला सकाळी पेटीशी गेल्यावर कळलं. आणि थोरल्याची मोटार वाजत नाही म्हटल्यावर धाकट्यांनी आपली लावली. पाणी पडून होतं ना.

मामा त्या आवाजाकडे तोंड करून उभे होते. मी धावत गेले, म्हणाले, "मामा, फ्यूज माझ्याकडं आहेत, मी काढले, चूक माझी धरा, पण..." त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे. राख सावडून ते विहिरीवर आले होते तो दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं. त्यांनी हात पुढे केला. मी घरी जाऊन पिठाने माखलेले फ्यूज आणून त्या हातावर ठेवले. ते माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू बी?"

आजही मी म्हणते, मी केलं ते बरोबर केलं. दुसऱ्या वेळीही हेच करीन, फक्त पलीकडचं कुलूप आधी तपासीन.

त्यानंतर मामा विहिरीवरून हलले नाहीत. भाकरी तिथंच मागवली. आमच्या दिवशी लाइट आल्यापासून जाईपर्यंत मोटार चालू, त्यांच्या दिवशी धाकट्यांची चालू. मी पाइप वळवायला गेले की ते पाइपवर पाय देऊन उभे राहायचे. सत्तरी पार केलेल्या माणसाला ढकलून पाइप ओढायचा, एवढी माझी छाती झाली नाही. सरीत पाणी, बेडाच्या पोटापर्यंत पाणी. तुराट्यांच्या बाजा तरंगायला लागल्या आणि फळं चिखलात बसली. वास आधी बदलला. गोड होता तो आंबूस झाला.

व्यापारी ठरल्या वेळी आले. चप्पल हातात घेऊन सरीत उतरले. एक फळ उलटं केलं, दुसरं केलं, तिसरं उचलताना त्यांची बोटं आत गेली. त्यांनी हात पाण्यात धुतले. पाणी भरपूर होतंच. "भाभी, नीचे से गया पूरा," ते हळू आवाजात म्हणाले. वरच्या अंगाच्या थोड्या सऱ्या बऱ्या होत्या, तेवढ्यातलं निवडक त्यांनी नेलं. जाताना विहिरीवर बसलेल्या मामांकडे बघून मला विचारलं, "इतना पानी किसने दिया?" मी म्हणाले, पावसाने. बाहेरच्या माणसापुढे मी दुसरं काय सांगणार होते?

बाकीचं काढून पुरायचं होतं. पुढच्या पिकाला बुरशी राहू नये म्हणून सडलेलं रानात ठेवायचं नसतं. पुढचं पीक कुठलं, हे मलाही कळत होतं, पण हात थांबेनात. मी टोपल्या भरत होते. कधीतरी मामा येऊन माझ्या बाजूला वाकले आणि फळं उचलायला लागले. हातात येईतो फळ फुटायचं, पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. आम्ही दोघं टोपली खड्ड्यात रिकामी करून परत येत होतो. खड्डा भरत आला तेव्हा ते काठावर टेकले आणि खरंच न समजल्यासारखं मला विचारलं, "पाणी तर आपल्या हक्काचं होतं, सूनबाई. मग वाईट कसं केलं त्यानं?"

मला इतका संताप आला की टोपली तिथंच टाकून मी निघाले. खरबुजाला हक्क कळत नाही, एवढं साधं त्यांना कुणी सांगायचं, आणि किती वेळा?

नवऱ्याने शब्द पाळला. तो पाळणारच होता. मामांनी सही केली, तीही "कुठं करायची" एवढंच विचारून. आमच्यामागून धाकट्यांनीही केली, कारण त्यांचंही खरबूज सरीतच बसलं होतं. शहरात हर्सूलकडे फ्लॅट घेतला. इथं नळाला पाणी येतं तेव्हा येतं. टँकर आला की खालच्या मजल्यावरच्यांची वरच्यांशी भांडणं होतात, कुणाच्या टाकीत आधी. मामा गॅलरीत बसून ते ऐकतात. खाली कधी उतरत नाहीत. मला सगळे विचारतात, भाकरी झाल्या का.

वावराचं शेवटचं मी बघितलं ते विहीर बुजवली त्या दिवशी. मामांनी हट्ट धरला म्हणून नवऱ्याने आम्हा दोघांना गाडीवर तिथवर सोडलं. बेड मोडून सगळं सपाट केलेलं, चुन्याच्या रेघा पडलेल्या. दोन्ही मोटारी वर काढून एकाच ठिकाणी टाकलेल्या, एकीवर एक. मुरमाने भरलेला टिपर विहिरीच्या काठाला लावून उभा होता. मामा अलीकडच्या काठावर, पलीकडे धाकटे, त्यांच्या मागे काकू. विहिरीत चांगलं पुरुषभर पाणी होतं.

टिपरवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "बाबा, टाकू का?"

दोघे भाऊ पाण्याकडे बघत होते. मग मामांनी मान वर न करता विचारलं,

"आज पाळी कुणाची?"

धाकट्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"तुझी हाय, दादा."

एवढंच. इतकी वर्षं जे ऐकायला मामा पाइपवर पाय देऊन उभे होते ते एवढंच होतं. फाल्गुनात हे बोलणं झालं असतं, त्या अवकाळीनंतरच्या एका सकाळी धुऱ्यावर येऊन धाकटे एवढं बोलले असते, किंवा मामांनी एवढं विचारलं असतं, तर मी आज सरीत असते. काकूंनी विहिरीला वळसा घालून येऊन माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. मला त्या दोघांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

मामांनी मान हलवली, टिपरवाल्याकडे वळले आणि हात वर केला.

"मग टाक," ते म्हणाले. "माझी पाळी हाय."